सावित्रम्माचे ओले बैल

सिद्दनकेरीच्या सावित्रम्मा कुंभारणीनं उभ्या जन्मात तळ्यातनं माती काढली. म्हणून सोलापूरची माणसं ट्रक भरून माती आणतायत आणि ती तळ्यात टाकतायत, हे ज्या दुपारी तिच्या कानावर आलं, त्या दुपारी भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

"गाळ काढायला आली असतील रे," ती पोराला म्हणाली.

"काढाय न्हवं अव्वा, टाकाय!" भिमा हातपाय धुत म्हणाला. तिशीतला गडी, मिळेल ती हमाली करायचा. "मीच पोती उतरवून आलोय की. पांढरट माती हाय. नावंत पाण्यात कालवत्यात आन् पंपानं फवारत्यात तळ्यावर."

"अय्यो शिवने! शानी माणसं हायती का न्हायती?"

"शाळंत मीटिंग हाय उद्या. जाऊन इचार त्यास्नी."

सिद्दनकेरी मैंदर्गीच्या अलीकडं. गावात रामराम मराठीत होतो आणि भांडण कानडीत. सावित्रम्मा लग्न होऊन आली ती पलीकडच्या कानडी मुलखातनं. आली तेव्हा सासऱ्याचं चाक दिवसभर फिरायचं. पुढं घरोघरी प्लास्टिकच्या घागरी आल्या, फ्रिज आले, नवरा गेला, आणि चाकावर कोंबड्या बसायला लागल्या. भिमानं तर मातीला हात लावायचाच नाही असं ठरवून टाकलेलं. कुंभारकीतलं एकच काम तिच्याकडं उरलं होतं. ज्येष्ठातल्या अवसेचे बैल.

ह्या अवसेला कानडी घरांत मण्णेत्तीन अमाशी म्हणतात, मराठी घरांत मातीच्या बैलाची आवस. खरे बैल आता गावात बोटावर मोजण्याइतके. ट्रॅक्टर सगळ्यांच्या दारात. पण मातीची जोडी मात्र प्रत्येक घरात पुजली जाते. ट्रॅक्टरवाल्याच्या, मजुराच्या, अगदी पीरसाब तांबोळ्याच्याही. आणि ती जोडी सावित्रम्माच्याच हातची लागते. एरवी तिला अंगणातनं हाक मारून परत पाठवणारी माणसं त्या एका दिवशी तिला आत बोलावतात, पाट देतात, कपाळाला कुंकू लावतात. वर्षभर कुणी विचारत नाही तरी चालतं, त्या दिवशी विचारलं पाहिजे. सावित्रम्मा जगायची ती ह्याच्यावर.

सासूनं तिला बैल शिकवला तो अटी घालून. माती तळ्याचीच पाहिजे. तिच्यात राख घालायची नाही. मडक्याच्या मातीत राख चालते, लीद चालते, बैलाच्या मातीत नाही, कारण राख मेल्याची आणि बैल जिता. आणि बैल द्यायचा तो ओला. ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायचा, अवसेच्या आदल्या सांजेला घरोघर पोचवायचा, मग त्या घरच्या बाईनं आपल्या हातानं ज्वारीचे दाणे दाबून त्याला डोळे लावायचे. बैल रात्रभर वाळतो आणि सकाळी पूजेला उभा राहतो. कुंभारणीनं डोळे लावलेला बैल कुंभारणीचाच राहतो, सासू म्हणायची.

पण यंदा माती कुठली आणायची? तळं नासलं होतं. पाच-सहा वर्षं ते हिरवं पडत चाललं होतं, आणि यंदाच्या उन्हाळ्यात तर कुणी ऑइलपेंटचा डबा उपडा केल्यागत झालं. काठाला जाड साय. म्हशी तोंड लावून माघारी फिरायच्या. होळीनंतर मासे पोट वर करून काठाला लागले ते पाटीनं उचलावे लागले. सावित्रम्मा नेहमीच्या जागी, काठालगतच्या खाणीत, गुडघाभर पाण्यात उतरली आणि खोरं मारलं. वर आली ती काळी, बुळबुळीत, सडक्या अंड्याच्या वासाची घाण. तिनं ती घरी आणली, धुतली, वाळवली, चाळली, परत भिजवली. वास जाईना. असला बैल देवापुढं ठेवायचा?

वर बजाबाईची भर होतीच. बजाबाई म्हणजे कोंडीबाची सून, गावातलं मोठं घर. आडावर सगळ्यांपुढं म्हणाली, "सावित्रक्का, यंदा तुजा बैल नाक धरून पुजायचा का गं? अक्कलकोटात प्लास्टरचे येत्यात बग. रंगवलेले. झूल सुदीक असती त्यास्नी."

बायका हसल्या. सावित्रम्माही हसली. घरी येऊन मात्र तिला जेवण गेलं नाही.

शाळेतल्या मीटिंगला ती दाराशी टेकून बसली. बोलायला एक तरणी बाई उभी होती, महेजबीन मॅडम. सोलापूरच्या साखर पेठेतली, पाण्याचं शिकलेली.

"तुमच्या तळ्याला खत जास्त झालंय," मॅडम म्हणाली.

"तळ्याला?" म्हातारा कोंडीबा पुढंच बसला होता. "तळ्याला कोन खत घालतंय, बाई?"

"तुम्हीच, आजोबा. अठरा-शेहेचाळीस टाकता ना उसाला? पावसात थोडं वाहून ओढ्यात येतं, ओढ्यातनं तळ्यात. गावाची गटारंही तिथंच येतात. त्यातला फॉस्फरस शेवाळ खातं आणि माजतं."

कोंडीबाचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजे... माज्या पैशाचं खत ते शेवाळ खातंय?"

शाळाभर हशा उसळला, पण कोंडीबा हसला नाही. म्हातारा खरोखर हबकला होता.

"आणि नुसतं खात नाही," मॅडम म्हणाली, "मेलं की तळाला बसतं. तो फॉस्फरस गाळात साठतो आणि उन्हाळ्यात परत वर येतो. म्हणून ही माती. हिच्यात लँथनम नावाचा धातू बसवलाय. फॉस्फरस दिसला की तो धरतो आणि सोडत नाही. धरून तळाशी बसतो. शेवाळाला मग खायला मिळत नाही."

"मुसकं घातलं म्हना की," पीरसाब मागनं म्हणाला.

"हां, चाचा. मुसकंच."

सावित्रम्माच्या डोक्यात एवढंच शिरलं: ही तळ्याची माती. तळ्याला औषध म्हणून आणलेली, म्हणजे तळ्याचीच. ती उठली आणि घरी चालायला लागली. मॅडम अजून बोलतच होती. शेवटचं, आणि सावित्रम्माच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिनं ऐकलंच नाही.

"भिमा, ती माती मला आन की रं."

"मागायची कशाला? एक पोतं फाटलंय. सांडलेलं गोळा करून ठेवलंय, मुकादम म्हनतोय टाक कुटंतरी."

"मग हितं टाक."

भिमानं पोतं परसात आणून टाकलं. सावित्रम्मानं माती घंगाळात भिजत घातली. सकाळी बघते तर घंगाळ ओसंडून माती बाहेर आलेली, परातीतल्या कणकेसारखी फुगून. आणि पाणी किती पिते! दोन घागरी ओतल्या तरी तहानलेलीच. तिनं हात घातला मात्र, आणि तिच्या तोंडून "अव्वा गं!" निघून गेलं. खडा नाही, मुळी नाही, वास नाही. साबणावानी माती. एवढी मऊ माती तिच्या हाताला जन्मात लागली नव्हती. कुठंतरी मनात आलं, इतकी गुळगुळीत माती वाळताना दगा देते, मडकं असतं तर हिच्यात निम्मी राख घातली असती. पण बैलाला राख नाही. सासू मरून वर्षं झाली तरी तिचं बोट अजून नाकापुढं हलत होतं. तिनं राख घातली नाही.

काय बैल झाले ते! वशिंड कसं, शिंगं कशी, मानेखालची पोळी तर लोंबतेय असं वाटावं. भिमासुद्धा दोन घटका उकिडवा बसून बघत राहिला. "अव्वा, हे तर चालतील आता," म्हणाला.

आदल्या सांजेला पाटी डोक्यावर घेऊन ती निघाली. घरोघर पाट मिळाला, कुंकू मिळालं. बजाबाईनं बैल उजेडात धरून उलटासुलटा पाहिला, नाकाशी नेला, वास घेतला, आणि काही न बोलता ज्वारीचे दाणे आणायला आत गेली. सावित्रम्माला तेवढं पुरलं. त्या रात्री ती घोरत झोपली, असं भिमा सांगतो.

सकाळी दार वाजलं. दारात कोंडीबा. हातात सूप, सुपात बैल. म्हणजे एका बाजूला धड आणि एका बाजूला मुंडकं. पाय फाकून चार दिशांना गेलेले, पाठीवर बोट जाईल एवढी भेग. ज्वारीचा एक डोळा मुंडक्यावर होता, दुसरा सुपात घरंगळत होता.

सावित्रम्मा सुपावर वाकली. "काका... पडला का हातातनं?"

"कोन हात लावतंय त्याला? उभ्या उभ्या फुटला."

कोंडीबाच्या मागं पीरसाबची सून रशीदा उभी. तिच्याही हातात सूप. तिच्या मागं आणखी एक. बोळातनं माणसं येतच होती, सगळ्यांच्या हातांत सुपं, परडी, ताटं, आणि कुणी काही बोलत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गावातला एकही बैल उभा राहिला नव्हता. सावित्रम्मा उंबऱ्यावरच बसली.

"असं कदी झालंय का?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"माज्या ध्यानात न्हाय," कोंडीबा म्हणाला. "पंच्याऐंशी सरली. दुष्काळात सुदीक बैल उभा हुता."

मग भिमा बोलला. बोलला नसता तर बरं, पण पोटात ठेवायची त्याला सवय नाही. "ती तळ्यावरची माती हुती. औषधाची."

"औषधाची?" रशीदानं सूप खाली ठेवलं. "अवो, पोरींनी हाताळलंय की ते सगळ्यांनी!"

आत्तापर्यंत गप्प असलेली माणसं एकदम बोलायला लागली. औषध म्हटल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढं फवारणीचा डबा येतो, त्याच्यावरची कवटी येते. सावित्रम्माच्या कानात नुसता भणभणाट. आपण बैल नाही दिले, गावाला घरोघर जाऊन इख वाटलं, पाटावर बसून, कुंकू लावून घेऊन. ती उठली आणि तळ्याकडं पळत सुटली. साठीची बाई, पायात काही नाही, पदर खांद्यावर नाही.

महेजबीन मॅडम काठावर बाटल्यांत पाणी भरत होती. सावित्रम्मा तिच्यापुढं जाऊन पडलीच. धाप एवढी की शब्द फुटेना, आणि फुटला तो कानडीत. मागनं आलेल्या कोंडीबानं सगळं सांगितलं. मॅडमच्या हातातली बाटली खाली आली.

"बैल केले? आमच्या मातीचे? या अल्ला! कुणी खाल्ली का? तोंडात घातली का कुणी?"

"न्हाय. निस्ती हाताळली."

"नक्की?"

"नक्की."

मॅडमनं श्वास सोडला. "मग साबणानं हात धुवा सगळ्यांनी, एवढंच. हाताला लागून काही होत नाही. कुणी खाल्ली असली तर मात्र डॉक्टरकडं न्या, लपवू नका. आणि अव्वा, उठा तुम्ही आधी." तिनं सावित्रम्माला बखोटीला धरून उठवलं. मग सुपातला तुकडा उचलून भेग बघितली. "ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की फाटते. तिची जातच तशी. तुमच्या काळ्या रानाच्याच नात्यातली आहे."

कोंडीबानं तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "आरं, व्हय की," तो म्हणाला. "वैशाखातलं माजं रान असंच दिसतंय."

तेवढ्यानं माणसांचा जीव भांड्यात पडला. अपशकुन म्हणून सुपात आलेली गोष्ट ओळखीची निघाली. पण सावित्रम्माचा पडला नाही. आवस चालू होती, गावात बैल नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "काठाची माती धुऊन घेते मी. वास आला तर येऊ दे. सांजेपत्तूर करते. माजी खाण हितंच हाय."

मॅडमनं तिचा हात धरला. "अव्वा, तळ उकरायचा नाही आता. मीटिंगला सांगितलं ना मी शेवटी? आपण टाकलेली माती तळावर बसतेय. उकरलं की खालचं सगळं वर येणार. केलेलं फुकट जाणार."

"कवापत्तूर?"

मॅडमनं तिचा हात सोडला. "कायमच, अव्वा."

सावित्रम्मा त्या हिरव्या पाण्याकडं बघत उभी राहिली. सासूची खाण, सासूच्या सासूची खाण. तिला रडू येत नव्हतं. कुणी अचानक थोबाडीत मारली की माणूस आधी रडत नाही, नुसतं बघतं, तशी ती बघत होती.

"मग न्या प्लास्टरचे," ती शेवटी म्हणाली. "बजाबाई आनायलीच हाय."

खरंच आणत होती. तिचा नवरा मोटारसायकलवरनं अक्कलकोटला कधीच गेला होता.

कोंडीबा काठीवर हनुवटी टेकून उभा. "सावित्रा," तो म्हणाला, "माज्या रानाची माती चालंल का?"

"फुटंल की, काका. आत्ताच म्हनला न्हवं, तुमचं रान असंच फुटतंय."

"मग न फुटायला काय लागतंय?"

सावित्रम्मा बोलली नाही. काय लागतं ते तिला माहीत होतं, भांडी करणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

"बोल की."

"राख लागती," ती म्हणाली.

मागनं एक-दोन बाया "अगं बाई!" म्हणाल्या. कोंडीबाच्या भुवया वर गेल्या. "अमाशीच्या बैलात? राख?"

"म्हनून तर बोलत नव्हते." मग तिलाच कुठून जोर आला कोण जाणे. "सासू म्हनायची, राख मेल्याची. मसनातली आसंल ती मेल्याची, काका. चुलीतली भाकरीची हाय. तुमी रोज तिच्यावरची भाकरी खाताव."

गाव कोंडीबाच्या तोंडाकडं बघत होतं. शेवटी तो खाकरला आणि म्हणाला, "जावा गं. पूजा उद्या सकाळी. ज्यानं त्यानं आपल्या रानाची माती आना. आन् आपल्या चुलीची राख."

"आमच्यात गॅस हाय की!" एक सून घाबरून म्हणाली.

"आंगुळीचं पानी काय सूर्यावर तापवतीस का? त्या चुलीची आन."

तेव्हा कुठं पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

फुटलेले बैल आधी पाण्यात गेले. अवसेनंतर पाचव्या दिवशी बैल बुडवायची रीत, पण ह्यांचा मुक्काम आधीच संपला होता. सावित्रम्मानं स्वतः एकेका सुपातनं ते सोडले. जिथं जायला ती माती सोलापूरहून निघाली होती तिथं ती उशिरानं का होईना पोचली. बैल पाण्यात धुरासारखे सुटत गेले, ज्वारीचे डोळे थोडा वेळ तरंगले.

मग दिवसभर सावित्रम्माच्या परसात गर्दी. कुणाची काळी माती, कुणाची तांबूस, कुणाच्या मातीत उसाच्या मुळ्या. ज्याची त्याची वेगळी मळायची होती. भिमा राख चाळायला बसला, कुणी सांगितलं नव्हतं. बैल कालच्यासारखे देखणे झाले नाहीत. खरबरीत, ठेंगणे, राखेनं करड्या अंगाचे. दिवेलागणीला ती ओले बैल घेऊन निघाली. एका दारानं जरी "राखेचा नको" म्हटलं असतं तरी ती पुढच्या दाराला गेली नसती.

पहिलं दार कोंडीबाचं. कोनाड्यात बजाबाईची प्लास्टरची जोडी आधीच बसलेली, लाल झूल, सोनेरी शिंगं. सावित्रम्मा उंबऱ्याबाहेरच थांबली. बजाबाई तिच्याकडं बघेना. म्हातारा आतनं उठला, स्वतः पाट मांडला, आणि करडी जोडी त्या रंगीत जोडीच्या पुढं ठेवली. "डोळे आन," तो सुनेला म्हणाला. बजाबाई आत गेली ती लवकर आलीच नाही. मग म्हाताऱ्यानंच जाड बोटांनी दाणे दाबले. एक डोळा जरा वर बसला. पण सकाळी बैल उभा होता. गावातले सगळेच उभे होते.

पुढच्या आठवड्यांत तळं निवळत गेलं. एका सकाळी सावित्रम्मा सवयीनं खोरं घेऊन काठाला गेली आणि जागीच थबकली. गुडघाभर पाण्यातनं तळ दिसत होता. तिची खाण दिसत होती. तिच्या खोऱ्याचे वार, त्यांच्या आत जुने, सासूच्या रुंद खोऱ्याचे वार. आणि सगळ्यावर भस्मासारखा पांढरा पातळ थर. एवढी वर्षं त्या पाण्यात उतरून तिनं ती जागा कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पायानंच ओळखली होती. तिनं पाय पुढं टाकला, बोटं पाण्याला लागली, आणि तिनं तो चटका बसल्यागत मागं घेतला.

"सावित्रक्का!"

मागं बजाबाई. काखेत प्लास्टरची जोडी. झूल भिजून ओघळलेली, बाकी बैल जसेच्या तसे.

"ह्ये विरगळंना की गं. म्हशीच्या दोनीत, पान्यात घालून ठिवलेत कवाधरनं. आन् हितं बुडवू नका म्हनती ती मॅडम. काय करू ह्येचं?"

सावित्रम्मानं बैलांकडं पाहिलं, बजाबाईकडं पाहिलं. "दाव्याला बांद," ती म्हणाली. "वैरण टाक."

बजाबाई आधी रागावली, मग तिला हसू आवरेना. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. थोडं पुढं जाऊन ती वळली.

"रानाची माती कुठल्या कोपऱ्यातली आनायची गं? पुढल्या साली."

"बांदाकडची. मुळ्या नसलेली," सावित्रम्मा म्हणाली, आणि कोरडं खोरं खांद्यावर टाकून घराकडं चालायला लागली.